केसरबाईंची भैरवी, व्हॉयेजर यान आणि घरातला संगीतसंग्रह : ‘लॉसलेस’ ध्वनीचा इतिहास

१/१२
२० ऑगस्ट १९७७ रोजी व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ अवकाशात झेपावले. ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने, म्हणजेच जेपीएलने, घडवलेल्या या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती. तिच्यावरील निवडक संगीतात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी होती. व्हॉयेजर १ च्या उड्डाणानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचे निधन झाले.

२/१२
ध्वनिमुद्रणाबाबत केसरबाई फारशा उत्सुक नसत. त्यामुळे त्यांच्या गाण्याचा जो ठेवा उरला, तो मोजकाच आहे. असा ठेवा तबकडीवरून किंवा सीडीवरून संगणकावर उतरवणाऱ्या प्रत्येक संग्राहकापुढे पहिला प्रश्न येतो : तो कोणत्या फॉरमॅटमध्ये जपायचा? या प्रश्नाच्या आजच्या उत्तराचा एक धागा थेट त्याच जेपीएलमध्ये जाऊन पोहोचतो.

३/१२
सोनी आणि फिलिप्स यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यावर ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावी व उजवी अशा दोन वाहिन्या. हिशेब केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. १९९० च्या दशकातील घरगुती संगणकाला हे ओझे पेलणारे नव्हते.

४/१२
या अडचणीवर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने एमपी३ हा तोडगा काढला. १९९५ मध्ये या फाइलींना ‘.एमपी३’ हे नाव मिळाले. मानवी कानाला जे सहसा जाणवत नाही, ते गाळून टाकायचे, हे त्याचे तत्त्व. १२८ किलोबिटच्या दराने तोच तास ५८ मेगाबाइटमध्ये बसू लागला. जगभर संगीत पसरले ते या युक्तीमुळे. पण एकदा गाळलेले पुन्हा मिळत नाही, आणि अशा प्रतीवरून पुन्हा तशीच प्रत केली की गळती आणखी वाढते.

५/१२
या गळतीची धास्ती सर्वांत आधी घेतली ती कॅसेटवाल्यांनी. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद आपल्या मैफली श्रोत्यांना मुद्रित करू देत असे. १९८४ पासून तर अशा मुद्रकांसाठी सभागृहात वेगळी जागा राखली जाऊ लागली. त्या कॅसेट हातोहात फिरत. मात्र प्रतीवरून प्रत निघताना प्रत्येक पिढीत खरखर वाढे आणि स्वर पुसट होई. ‘ही कितव्या पिढीची प्रत?’ हा प्रश्न त्या वर्तुळात फार मोलाचा होता.

६/१२
काहीही न गमावता ध्वनी आटवता येईल काय? याची सामग्री दोन ठिकाणी तयार होत होती. जेपीएलमध्ये रॉबर्ट राइस यांनी अवकाशयानांनी धाडलेली माहिती मोजक्या बिटांत बसवण्याची पद्धत विकसित केली. १९७९ मध्ये तिची सविस्तर मांडणी प्रसिद्ध झाली. दुसरीकडे बेल लॅब्जमध्ये कानपूर येथे जन्मलेले बिष्णू अटल हे मानवी वाणीचा पुढचा नमुना मागच्या नमुन्यांवरून वर्तवण्याच्या गणितावर काम करत होते. जपानमध्ये फुमितादा इताकुरा यांचेही कार्य त्याच दिशेने चालले होते.

७/१२
या दोन कल्पना जोडल्या की कोडे सुटते. तानपुऱ्याचा नाद घ्या. त्याची लहर सावकाश बदलते, म्हणून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधता येतो. मग पूर्ण नमुना न साठवता केवळ अंदाजातली चूक साठवायची. ही चूक बहुधा लहान असते, आणि लहान आकडे थोडक्या बिटांत मांडणे हेच राइस यांच्या पद्धतीचे बळ. ऐकताना अंदाज आणि चूक यांची बेरीज केली की मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. एका बिटाचाही फरक पडत नाही. याचेच नाव ‘लॉसलेस’.

८/१२
केंब्रिजमधील वाणी-संशोधक टोनी रॉबिन्सन यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘शॉर्टन’ हा कार्यक्रम याच तत्त्वांवर रचला. मैफलींची देवाणघेवाण करणाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘ई-ट्री’ हे जाळे उभारले आणि शॉर्टनचा स्वीकार केला. आता हजारावी प्रतही पहिलीइतकीच अस्सल राहू लागली. परंतु शॉर्टन केवळ अव्यावसायिक वापरासाठी मोफत होता, आणि सुरुवातीला त्यात गाण्याच्या मध्यावर उडी मारून ऐकण्याचीही सोय नव्हती.

९/१२
ही उणीव जॉश कोलसन यांनी भरून काढली. त्यांनी २००० मध्ये काम हाती घेतले आणि जुलै २००१ मध्ये ‘फ्लॅक’ची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध केली. अंदाजाचे गणित तेच आणि राइस यांची पद्धतही तीच. मात्र फॉरमॅटची रचना सर्वांसाठी खुली होती. प्रत्येक फाइलमध्ये मूळ ध्वनीची एक तपासणी-खूण ठेवलेली असते. पंचवीस वर्षांनीही फाइल शाबूत आहे की नाही, हे तिच्यावरून पडताळता येते. २००३ मध्ये हा प्रकल्प झिफ संस्थेच्या छत्राखाली आला.

१०/१२
स्पर्धक कमी नव्हते. ‘मंकीज ऑडिओ’ फाइल अधिक लहान करी, पण ती उलगडायला संगणकाला बरेच कष्ट पडत. ॲपलने २००४ मध्ये आपला ‘अलॅक’ आणला. त्याची रचना २०११ पर्यंत बंदिस्त होती. खुले झाल्यावरच तो इतरांनाही निर्धास्तपणे वापरता आला. फ्लॅकचा मार्ग उलट दिशेने गेला. विंडोजने २०१५ मध्ये आणि ॲपलच्या फोनने २०१७ मध्ये त्याला जागा दिली. आकाराच्या शर्यतीत पहिला नसलेला फॉरमॅट टिकाऊपणाच्या शर्यतीत पुढे गेला.

११/१२
घरातल्या संग्रहासाठी या इतिहासाचे सार सरळ आहे. फ्लॅक आणि अलॅक दोन्हींत ध्वनी तंतोतंत तोच राहतो, म्हणून एकातून दुसऱ्यात केव्हाही जाता येते. निवड चुकली तरी ती सुधारता येते. फ्लॅकचे ० ते ८ हे स्तर केवळ आकार आणि लागणारा वेळ बदलतात, नादाला धक्का लावत नाहीत. सामान्यतः सीडीची फाइल निम्म्या ते दोन-तृतीयांश आकारात बसते. पण एमपी३ चे फ्लॅक करून गेलेला स्वर परतत नाही. जुन्या तबकडीची खरखरही या फॉरमॅटमध्ये इमानाने जपली जाते. आणि कोणताही फॉरमॅट बिघडलेल्या हार्ड डिस्कवर उपाय नाही. दुसऱ्या जागी ठेवलेली दुसरी प्रत हवीच.

१२/१२
डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या संघटनेने फ्लॅकची रचना अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध केली. उद्या आजचे सारे सॉफ्टवेअर नाहीसे झाले, तरी तो दस्तऐवज वाचून कुणीही नवा वादक-कार्यक्रम रचू शकेल. व्हॉयेजरची तबकडी पाठवणाऱ्यांनीही हेच जाणले होते. त्यांनी तबकडीसोबत सुई धाडली आणि ती कशी वाजवावी याच्या आकृती आवरणावर कोरल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ ने आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. केसरबाईंचा स्वर आणि तो उलगडण्याची रीत, दोन्ही आजही एकत्रच प्रवास करत आहेत.