तुर्की भाषेतील ‘होणे’दर्शक क्रियापदे
नामाला किंवा विशेषणाला प्रत्यय लावून ‘तसे होणे’ या अर्थाची क्रियापदे साधण्याची तुर्की भाषेतील पद्धती. ‘होणे’ या अर्थाचे ‘ओलमाक’ हे स्वतंत्र क्रियापद आहेच. पण तुर्कीचा ओढा प्रत्ययाकडे. (‘-माक/-मेक’ हे शेवटचे अक्षर मराठीतल्या ‘-णे’चे काम करते.)

सर्वांत सढळ प्रत्यय ‘-लाश/-लेश’. स्वरसंवादाच्या नियमाने मूळ शब्दातील शेवटच्या स्वरानुसार यांतले एक रूप येते. ग्युझेल (सुंदर) यावरून ग्युझेल्लेशमेक, म्हणजे सुंदर होणे. ताश (दगड) यावरून ताशलाशमाक, दगड बनणे. हाच प्रत्यय परस्परक्रियाही दाखवतो: मेक्तुपलाशमाक म्हणजे पत्र बनणे नव्हे, एकमेकांना पत्रे लिहिणे. ‘-लान/-लेन’मध्ये एखादी गोष्ट लाभण्याची छटा असते. याश (वय) यावरून याशलानमाक, म्हातारे होणे. एव (घर) यावरून एवलेनमेक, लग्न करणे.

रंगांचा प्रकार अधिक रंजक आहे. रंगांच्या काही जुन्या नावांना नुसता ‘-आर/-एर’ लागतो आणि अर्थ रंगापलीकडे पसरतो. कझारमाक म्हणजे लाल होणे, लाजणे आणि पदार्थ तळून तांबूस होणेही. मोरारमाक हे मार लागून अंग काळेनिळे पडण्याला. कारारमाक हे अंधारून येण्याला. अरबीतून आलेल्या मावी (निळा) आणि बेयाझ (पांढरा) यांना मात्र ही वाट मिळाली नाही. मावीलेशमेक, बेयाझलाशमाक अशी त्यांची रूपे होतात.

‘-आल/-एल’ मोजक्या शब्दांना लागतो: आझ (थोडे), आझालमाक (कमी होणे). युक्सेक (उंच) यातला शेवटचा ‘क’ गळून युक्सेलमेक होते. आच (भुकेला) यावरून आलेले आजकमाक (भूक लागणे) हे आणखी तुरळक घडणीचे. असे शब्द पाठच करावे लागतात. मराठीतही मंदावणे, स्थिरावणे चालते, पण तो ‘-आवणे’ हव्या त्या विशेषणाला जोडता येत नाही.

विसाव्या शतकात समाजशास्त्र आणि राजकारणाच्या तुर्की परिभाषेने ‘-लाश’ला भरपूर राबवले. केन्त (शहर) यावरून केन्तलेशमे म्हणजे नागरीकरण, सानायीलेशमे म्हणजे औद्योगिकीकरण. पुढे प्रयोजक ‘-तर/-तिर’ जोडला की ‘होणे’चे ‘करणे’ होते: ओझेल (खासगी) यावरून ओझेल्लेशतिरमे, खासगीकरण. ‘आम्ही ज्यांना चेकोस्लोव्हाकियाचे बनवू शकलो नाही, त्यांच्यापैकी तुम्ही का?’ हा लांबलचक शब्दाचा प्रसिद्ध थट्टेचा नमुनाही याच ‘-लाश-तर’ जोडीभोवती रचलेला आहे.