आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

संगणकाचा प्रोग्रॅम चालता चालता बंद पडला, की चूक दाखवणारा संदेश पडद्यावर येतो. कोणत्या ओळीशी गाडी अडली तेही बऱ्याचदा कळते, आणि चूक त्याच ओळीत असणार असे आपण धरून चालतो. मात्र दोन वेगळ्या परंपरांत लिहिलेले प्रोग्रॅम एकत्र काम करू लागले, की हे गृहीतक फसते. असे का होते हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

प्रत्येक प्रोग्रॅमला काम करताना मेमरीत जागा लागते. जागा मागून घेणे सोपे असते. काम संपल्यावर ती परत कोणी करायची, हा खरा प्रश्न. त्याची दोन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर जॉन मॅकार्थी यांचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५८ साली त्यांनी लिस्प या संगणकभाषेचे काम सुरू केले. १९६० सालच्या निबंधात त्यांनी एक युक्ती मांडली. मोकळी जागा संपली, की यंत्रणेने ठरावीक ठिकाणांपासून निघावे, जिथे जिथे पोचता येईल तिथे खूण करावी आणि बिनखुणेच्या जागा मोकळ्या समजाव्यात. यालाच पुढे ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे केर काढणे, असे नाव पडले.

दुसरे उत्तर सी भाषेचे. ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. जागा प्रोग्रॅमरने मागावी आणि त्यानेच परत करावी, असा तिचा रोकडा व्यवहार. त्यामुळे वेग मिळतो, पण जबाबदारीही सगळी प्रोग्रॅमरवरच पडते. युनिक्सचा गाभा १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. विंडोजच्या आतल्या सेवाही मुख्यतः याच परंपरेतल्या.

केर काढणारी पद्धत सन कंपनीच्या जावा भाषेने १९९५ पासून आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने २००२ पासून सर्वदूर नेली. यंत्रणेच्या देखरेखीखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमला मायक्रोसॉफ्टने ‘मॅनेज्ड’ म्हटले. देखरेखीबाहेरचा तो ‘अनमॅनेज्ड’. सी भाषेतले कित्येक वर्षांचे काम एका दिवसात नव्याने लिहिणे शक्य नव्हते. म्हणून दोन्हींमध्ये पूल बांधले गेले. जावाला असा प्रमाणित पूल १९९७ मध्ये मिळाला. डॉटनेटमध्ये तो सुरुवातीपासूनच होता.

खऱ्या अडचणी या पुलावरच आल्या. त्यांतल्या तीन पाहू.

पहिली अडचण पत्त्याची. केर काढताना डॉटनेटची यंत्रणा उरलेल्या वस्तू एका बाजूला सरकवते आणि आपल्या वहीतले पत्तेही बदलते. पण सी प्रोग्रॅमने जुना पत्ता स्वतःकडे टिपून ठेवला असेल, तर तो त्या वहीत नसतो. पत्र जुन्याच घरी जाते आणि तिथे आता दुसरेच कोणी राहत असते. यावर उपाय म्हणजे काम होईपर्यंत ती वस्तू जागेवर खिळवून ठेवायची.

दुसरी अडचण निरोपाची. मॅनेज्ड प्रोग्रॅम सी प्रोग्रॅमला सांगतो, ‘काम झाले की मला या ठिकाणी हाक मार.’ हाक मारण्याची ती सोय सी प्रोग्रॅमला हवी आहे, हे केर काढणाऱ्याला दिसत नाही. मॅनेज्ड बाजूला तिची नोंद कोणी धरून ठेवली नसेल, तर तो ती झाडून टाकतो. पुढे केव्हातरी हाक येते आणि प्रोग्रॅम कोसळतो. केर कधी काढला जाईल हे ठरलेले नसल्याने हा दोष कधी दिसतो, तर कधी दिसत नाही.

तिसरी अडचण शब्दाची. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये ‘लाँग’ ही संख्या ४ बाइटची होती. २००२ च्या डॉटनेट आवृत्तीत तोच शब्द ८ बाइटचा झाला. अनेकांनी विंडोजच्या सेवांना बोलावण्याच्या जुन्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये अशा सेवेला द्यायच्या संख्या एका चळतीवर ठेवल्या जात आणि काम झाल्यावर ती सेवाच त्या काढून घेई. आता ठेवले जात ८ बाइट आणि काढले जात ४. चळत बिघडे, तरी काही वेळा प्रोग्रॅम वरवर नीट चाललेला दिसे.

या तिन्हींत दोन्ही बाजू आपापल्या नियमांनी बरोबरच वागतात. चूक होते ती दोघांमधल्या करारात. केर काढणाऱ्याने सोय झाडली तेव्हा कोणाचीच तक्रार नसते. तक्रार येते ती हाक मारली जाते तेव्हा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी तपासणाऱ्याची गत होते.

म्हणूनच २००५ च्या डॉटनेट २.० मध्ये काही पहारेकरी नेमले गेले. दोष तपासताना एक पहारेकरी प्रत्येक सेवेनंतर चळत जुळते का ते पाही. दुसरा, झाडून टाकलेल्या सोयीची खूण काही काळ जपून ठेवी आणि तिथे हाक आली की इशारा देई. इतके दिवस ‘चालणाऱ्या’ प्रोग्रॅमवर आता इशारे येऊ लागले. इशारे नवे होते, दोष मात्र जुनेच होते. २०२२ च्या डॉटनेट ७ ने पुलावरची देवाणघेवाण आधीच लिहून प्रोग्रॅमरला वाचता येईल अशी सोय केली. तरीही पलीकडच्या संख्येचा आकार प्रोग्रॅमर सांगेल तोच खरा मानला जातो.

संगणक शिकणाऱ्या मुलांना आपण तीन प्रश्नांची सवय लावू शकतो. ही जागा कोणाच्या मालकीची? ती किती काळ हवी आहे? आणि तिचा आकार दोन्हीकडे सारखाच धरला आहे का? प्रोग्रॅम कोसळला त्या ओळीपासून शोध सुरू करावा, पण तिथेच थांबू नये. जिथे एकाने दुसऱ्याच्या हाती काही सोपवले, त्या ठिकाणापर्यंत मागे जावे. लक्षण दिसते ती जागा आणि कारण घडते ती जागा वेगळी असू शकते, हे वैद्यकाला आणि भूगर्भशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संगणकाच्या वर्गातही ते शिकवता येते.