शिशाच्या साच्यापासून काडतुसापर्यंत

१० ऑगस्ट १७६३. बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला, गोदाकाठी, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला धूळ चारली. त्या काळी तोड्याच्या बंदुकीसाठी गोळी निवडणे म्हणजे नळीच्या मापाचा साचा जपणे. शिसे ओतायचे, गोळी नळीत नीट उतरते का ते पाहायचे.

१८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. माप आता कारखाना ठरवू लागला.

१९६२ च्या चीन युद्धात जवानांच्या हाती जुनी .३०३ रायफल होती. पुढे आलेल्या अर्धस्वयंचलित एसएलआर रायफलला ७.६२ मिलिमीटरचे काडतूस लागे; .३०३ चे तिच्यात बसत नसे. नंतरच्या इन्सास रायफलने ५.५६ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. धक्का कमी, वजनही कमी, म्हणून जवानाला जास्त काडतुसे नेता येतात. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात ती तयार होतात.