ज्योतिर्विदांची उपजीविका : बलुत्यापासून वेतनश्रेणीपर्यंत

नरखेडसारख्या शेतीप्रधान तालुक्यातील एखादा विद्यार्थी खगोलविज्ञानाकडे वळू लागला, तर त्याच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो पोटापाण्याचा. हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे उत्तर मात्र काळानुसार पालटत आले आहे.

मराठी मुलखातील ग्रामव्यवस्थेत जोशी हा बलुतेदारांत गणला जाई. पंचांग सांगणे व मुहूर्त काढून देणे हे त्याचे काम. त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा त्यास मिळे आणि हा हक्क वंशपरंपरा चाले. प्राप्ती वाढे वा घटे ती पिकाबरोबर, विद्वत्तेबरोबर नव्हे. महाराष्ट्रात पंचांगाचे गणित बहुधा गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वरून होई. पुढे गणितागत ग्रहस्थिती व प्रत्यक्ष वेध यांत अंतर पडले. परंतु बलुते मिळे ते परिपाठ चालविण्याबद्दल, तो तपासून पाहण्याबद्दल नव्हे.

ही तपासणी पगारदार मंडळींनी आरंभिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. केरो लक्ष्मण छत्रे कुलाबा वेधशाळेत काम करून पुढे पुण्यास अध्यापक झाले. त्यांच्या प्रयत्नाने १८६५ पासून सुधारलेले पंचांग निघू लागले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक होते. गावाच्या धान्यावर त्यांचा निर्वाह नसल्याने रूढीविरुद्ध लिहिणे त्यांस शक्य झाले. तथापि दीक्षितांना वेतन होते ते शिकविण्याचे. ज्योतिष फावल्या वेळचे. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळाही १९१२ मध्ये, नायगमवाला निवृत्त होताच, बंद झाली. एका व्यक्तीबरोबर संपणाऱ्या कार्यात बढतीच्या पायऱ्या कोठून असणार?

त्या पायऱ्या विद्यापीठे व १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या ‘आयुका’सारख्या संस्थांमुळे निर्माण झाल्या. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन-अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० व वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. २०१६ पासून लागू झालेल्या विद्यापीठीय श्रेणीत मूळ वेतनाचा आरंभ साहाय्यक प्राध्यापकास ५७,७००, सहयोगी प्राध्यापकास १,३१,४०० आणि प्राध्यापकास १,४४,२०० रुपये असा ठरला.

आकडे समाधानकारक दिसतात. परंतु अधिछात्रवृत्ती संपल्यावर कायम पद मिळेपर्यंतचा काळ बहुधा मुदतीच्या नेमणुकांवर काढावा लागतो. जोश्याला बढती नव्हती, पण त्याचा हक्क अढळ होता. आजच्या संशोधकास बढती आहे, पण पहिली पायरीच अनिश्चित आहे. ज्ञानाच्या शुद्धतेसाठी संशोधकाला निर्वाहाचे स्वातंत्र्य लागते, हा छत्रे-दीक्षितांच्या चरित्राचा बोध होय. नरखेडच्या त्या घरातील प्रश्न म्हणूनच केवळ व्यवहाराचा नाही. तो विद्येचाही आहे.