पानफुटी : एका पानाचा प्रवास

शाकीय पुनरुत्पादनाचा पाठ आला की आपण पानफुटीचे पान वर्गात नेतो. ‘पर्णबीज’ या तिच्या नावामुळे ती इथलीच पुरातन वनस्पती वाटते. प्रत्यक्षात ती मूळची मादागास्करची. लेडी क्लाइव्ह यांनी मोलुक्का बेटांवरून ती १७९९ मध्ये कलकत्त्याच्या कंपनी बागेत आणवली, अशी नोंद आहे. तेव्हाची ही दुर्मीळ पाहुणी पुढे देशभर पसरली. रोप न्यायची गरज नव्हती; एक पान पुरे होते. जर्मन कवी ग्योथे यानेही १८२६ मध्ये आपल्या मैत्रिणीला ही पाने भेट पाठवली होती.

पण तुटलेले पान सुकून का जात नाही? या उत्तराचा पहिला धागा भारतातच सापडला. मद्रास इलाख्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीला कळवले, की हे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागते. कारण पुढे उलगडले. पानफुटी रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून वापरते. त्यामुळे पाणी वाचते. बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

पानाच्या कडेच्या खाचांत कोंबाचा अंकुर आधीपासूनच सुप्त असतो. बिगोनियाच्या पानात तो तयार नसतो; शीर कापली की तिथल्या पेशी नव्याने विभागून कोंब घडवतात. कित्येक वनस्पतींच्या पानांना मात्र मुळे फुटली तरी कोंब फुटत नाही.

म्हणून दुर्मीळ वनस्पती वाचवायला केवळ पान पुरत नाही. पानापासूनची सारी रोपे मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात. संख्या वाढते, विविधता वाढत नाही. एखादा रोग आला तर सगळी एकदम बळी पडू शकतात. विविधतेसाठी वेगवेगळ्या झाडांचे परागीकरण होऊन धरलेले बीच लागते.

हाइन यांचे निरीक्षण वर्गात तपासता येईल. भल्या सकाळी आणि दुपारी तोडलेली पाने वेगवेगळी ठेचून रसात पीएच कागद बुडवावा. चव मात्र घेऊ देऊ नये. ही वनस्पती गुरांना बाधते.