प्रारंभिक वाचनाचे संशोधन, पालघर जिल्हा

लहान मूल लिपी कशी शिकते, नेमके कुठे अडते आणि शिकवणाऱ्याने तेव्हा काय करावे, याचा पालघर जिल्ह्यात झालेला अभ्यास. डहाणू आणि वाडा ही त्याची मुख्य क्षेत्रे. जव्हार-मोखाड्यातील मुलांचे प्रश्नही तेच, किंबहुना अधिक बिकट. बालशिक्षणाच्या इतिहासात या जिल्ह्याचे स्थान आदराने नोंदवायला हवे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची किंवा खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग-संशोधन केंद्रातील जनुकांच्या अभ्यासाची बातमी होते, पहिलीच्या वर्गातील निरीक्षणांची होत नाही. प्रत्यक्षात तेही तितक्याच चिकाटीचे शास्त्र आहे.

या कामाची सुरुवात 1945 ची. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे होती. तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली. या कुरणशाळा आणि मुलांच्या अंगणात भरणारी बालवाडी हे निरीक्षणातून निघालेले उपाय होते. पुढे 1982 मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था सुरू केली. मूल स्वतः ज्ञान रचते हा विचार आणि मेंदूच्या अभ्यासातून मिळालेली दृष्टी पानसे यांनी मराठी शिक्षकांपर्यंत नेली.

वाडा तालुक्यातील सोनाळे येथे निलेश निमकर यांनी 2007 मध्ये ‘क्वेस्ट’ ही संस्था उभी केली. भारतीय भाषांतील साक्षरतेवरचा ‘लिरिल’ हा दीर्घ अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी दोन ठिकाणी केला : कन्नडसाठी कर्नाटकातील यादगीर आणि मराठीसाठी वाडा. पहिली ते तिसरीची मुले सलग पाहिली गेली. वर्गाचा बहुतेक वेळ फळ्यावरून उतरवण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो, मुलांच्या स्वतःच्या बोलण्या-लिहिण्याला जागा उरत नाही, असे त्यात दिसले. पाठ्यपुस्तक पुढे सरकते आणि ज्याला अजून मात्रा लागत नाहीत ते मूल तिथेच राहते. पहिलीत मागे पडलेले मूल तिसरीत बहुधा मागेच असते, हा त्यातला सर्वांत गंभीर निष्कर्ष.

मुलावरचा भार लिपीच्या घडणीतच आहे. मुळाक्षरे, त्यांची बाराखडी आणि वर जोडाक्षरे मिळून चिन्हांची संख्या चारशेच्या पुढे जाते. कन्नड वाचणाऱ्या मुलांवरील सोनाली नाग यांच्या 2007 च्या अभ्यासात हीच गोष्ट दिसली : अक्षरज्ञान पक्के व्हायला एक वर्ष पुरत नाही, ते पुढच्या इयत्तांतही चालू राहते. देवनागरीत आणखी एक खोच आहे. ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांवर दाखवले, की अशा शब्दांत वाचन मंदावते. मूल ‘कि’पाशी अडखळले तर तो त्याचा आळस नव्हे.

मेंदूत काय घडते हे लखनौजवळच्या गावातील प्रयोगाने दाखवले. वयाच्या तिशीतल्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूची प्रतिमा घेतली. मेंदूच्या पृष्ठभागावरील दृष्टिकेंद्राचा थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभाशी असलेला संबंध घट्ट झाला होता. हे काम फाल्क ह्युटिग, रमेश मिश्रा आणि सहकाऱ्यांचे, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले. लिहायला-वाचायला उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, ही त्यातली आश्वासक बाब.

वर्गातला उपाय साधा आहे. वर्णमालेच्या क्रमाने न जाता थोडी अक्षरे घ्यायची. ‘क’, ‘म’, ‘न’ आणि काना एवढ्यावर कान, नाक, मका, मान, काम, काका, मामा, नाना हे सगळे शब्द होतात; मूल पहिल्याच आठवड्यात काहीतरी खरे वाचते. आणि ते वाचलेले घरच्या बोलीत, वारलीत किंवा काथोडीत, सांगू द्यायचे.

जव्हार-मोखाड्यात याला आणखी एक कंगोरा आहे. भात झोडून झाले की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऐन वाचायला लागायच्या वेळी पहिलीतले मूल शाळेबाहेर असते. वीटभट्ट्यांवर भरणाऱ्या भोंगाशाळा याच गरजेतून निघाल्या. परतलेल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकात न ढकलता त्याचे जिथे सुटले तिथून शिकवावे, आणि लिपीसाठी शाळेने दोन वर्षे मोकळी ठेवावीत.