बोइंग ८०: डोंगरमार्गावरचे द्विपंखी प्रवासी विमान

अमेरिकेत विमानाने प्रवासी नेण्याचा व्यवसाय उभा राहिला तो टपालाच्या आधारावर. १९२५च्या केली कायद्याने हवाई टपालाचे ठेके खासगी कंपन्यांना देण्याची तरतूद केली आणि जुलै १९२७पासून सॅन फ्रान्सिस्को ते शिकागो हा मार्ग बोइंग एअर ट्रान्सपोर्ट कंपनी चालवू लागली. तिच्या ‘बोइंग ४०ए’ विमानात टपालाच्या थैल्यांसोबत जेमतेम दोन प्रवासी मावत. २७ जुलै १९२८ रोजी प्रथम उडालेले ‘बोइंग ८०’ मात्र प्रवाशांसाठीच आखलेले होते. त्यात १२ आसने होती, तर पुढच्या ‘८०ए’मध्ये १८.

फोर्ड आणि फॉकर यांची एकपंखी त्रिइंजिनी विमाने तेव्हा उडत असतानाही बोइंगने एकावर एक असे दोन पंख निवडले, यात मागासलेपण पाहणे अन्यायाचे होईल. हा मार्ग रॉकी पर्वत ओलांडत असे आणि वाटेतल्या शायेनसारख्या, सुमारे ६,००० फूट उंचीवरच्या तळांवर हवा विरळ असल्यामुळे विमानाला पंखांकडून मिळणारा आधार घटत असे. दोन पंखांमुळे वाढलेल्या क्षेत्रफळाने कमी वेगातही पुरेशी उचल मिळे आणि आखूड धावपट्टीवरून उडणे-उतरणे साधे. त्याची किंमत म्हणजे पंखांमधल्या दांड्या आणि तारांमुळे वाढणारा हवेचा रोध.

कक्षात चामड्याची आसने, वाचनदिवे आणि गरम-थंड वाहते पाणी होते, परंतु या विमानाचे खरे ऐतिहासिक महत्त्व एलन चर्च या परिचारिकेमुळे आहे. तिला विमान चालवता येत असे, पण स्त्रीला वैमानिक म्हणून घेण्यास कंपन्या तयार नव्हत्या. तेव्हा प्रवाशांच्या सेवेसाठी प्रशिक्षित परिचारिका नेमाव्यात, असे तिने सुचवले आणि बोइंग एअर ट्रान्सपोर्टचे सॅन फ्रान्सिस्कोतील अधिकारी स्टीव्ह स्टिम्पसन यांनी ते वरिष्ठांच्या गळी उतरवले. १५ मे १९३० रोजी ती ‘८०ए’ विमानात कामावर रुजू झाली आणि तिच्यासह आठ परिचारिकांच्या या पहिल्या तुकडीपासून अमेरिकेत हवाईसुंदरीचा पेशा सुरू झाला. वैमानिकाची जागा नाकारल्या गेलेल्या स्त्रीनेच तो घडवला, ही गोष्ट विमानांच्या इतिहासात ठळकपणे नोंदली जायला हवी.

१९३३मध्ये संपूर्ण धातूचे, एकपंखी ‘बोइंग २४७’ सेवेत आले. त्यात केवळ १० प्रवासी बसत, तरीही वेगाच्या बळावर त्याने ‘८०ए’ला प्रवासी मार्गांवरून हटवले.